मास्तरांची सीट

आमच्या मंडळीत सगळ्यांचा पुनरुत्थानावर ठाम विश्वास आहे. फक्त ते आपल्या हयातीत आणि आपल्या गल्लीत होऊ नये, एवढंच त्यांचं प्रभूकडे मागणं असतं. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे रागानेच म्हणते, पण माझ्याकडे कारण आहे. माझं लाँड्रीचं दुकान चर्चच्या समोर आहे. पाळकांचा पांढरा झगा, गाणाऱ्यांचे झगे, पंचांचे कोट, सगळं माझ्याच इस्त्रीखालून जातं. कुणाच्या कॉलरला किती मळ आहे ते मला विचारा. मी तोंड उघडलं तर रविवारी बाकं रिकामी राहतील.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या धाकट्या बहिणीची आहे. पन्नाशीला टेकली तरी घरात ती धाकटीच. ती लोकांना गाडी चालवायला शिकवते. मी तिला जन्मभर खुळी म्हणत आले, कारण चर्चमध्ये जे म्हणतात ते तिला खरं वाटतं. इतरांना रविवारी उपासना संपेपर्यंत खरं वाटतं. हिला सोमवारी सकाळी दूध तापवतानाही वाटतं.

लहानपणापासूनच हे खूळ. आजोबा गेले तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. शवपेटी बाहेरच्या खोलीत मांडली होती. थोरले काका पेटीवर डोकं आपटून रडत होते, “आबा, त्या दिवशी भेटू! आबा, तुम्ही उठाल तेव्हा आम्ही समोर असू!” झाकण लावायची वेळ झाली तशी ही बया स्वयंपाकघरातून काचेचा पेला सांभाळत आली. पेल्यात आजोबांची कवळी.

“ही राहिली,” ती म्हणाली. “उठल्यावर खाणार कशाने?”

काकांचं रडं जागच्या जागी थांबलं. “कार्टे, ठेव ती होती तिथे. आता काय करायचीय त्यांना!”

“मग तुम्ही आत्ता म्हणालात ते खोटं होतं का?”

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. झाकण लागलं, कवळी बाहेरच राहिली. काका पुढे मंडळीचे पंच झाले, आणि पुनरुत्थानावर त्यांच्याइतकं रसाळ कुणी बोलत नाही असं लोक अजून म्हणतात. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. कवळीची गोष्ट कुणाला आठवत नाही.

धाकटीचं लग्न झालं ते ड्रायव्हिंग शाळेच्या मालकाशी. मालक म्हणजे काय, एक गाडी आणि एक फलक. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. उंच, हाडकुळा, पाय इतके लांब की बसला की गुडघे आधी दिसत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. शिकाऊ घाबरला की शेजारी बसलेल्याने तो दाबायचा. मास्तर आपली सीट पार मागे सरकवून, पाय लांब पसरून बसायचे. शिकाऊंच्या हातून रोज मरता मरता वाचलेला हा माणूस शेवटी घरच्या खुर्चीत, चहा पिता पिता गेला. हृदय थांबलं. चहा अर्धा राहिला होता.

आता धाकटीच्या सासूबद्दल सांगते. एकुलता एक मुलगा गेला, तिचं दुःख मोठंच होतं, ते मी नाकारत नाही. पण काही बायकांचं दुःख घरातली सगळी जागा व्यापतं आणि दुसऱ्याला उभं राहायलाही कोपरा ठेवत नाही. कबरेवरचा दगड तिने पसंत केला. कोरणारा म्हणाला, “बायकोचंही नाव आत्ताच कोरून घ्या, अक्षर एकसारखं येईल. पुढे कोण कारागीर असेल, कसं कोरेल, भरवसा नाही.” सासूला ते पटलं. धाकटी तेव्हा ज्या अवस्थेत होती, त्यात तिला दगडावर काय कोरतायत याची शुद्ध नव्हती. झालं. मास्तरांचं नाव, जन्म, मृत्यू. खाली धाकटीचं नाव, जन्म, आणि पुढे गुळगुळीत मोकळी जागा.

दर रविवारी उपासना झाली की सासू तिला कबरस्तानात नेई आणि ओल्या फडक्याने दगड पुसायला लावी. आधी नवऱ्याचं नाव, मग स्वतःचं. मी एकदा बरोबर गेले होते. धडधाकट बाई स्वतःच्या कबरेवरची धूळ काढतेय, शेजारच्या कबरेवर आलेले लोक तिला “बऱ्या आहात ना?” विचारतायत, आणि यात काही चमत्कारिक आहे असं एकाच्याही डोक्यात येत नाही. माझ्या आलं. मी बोललेही. सासू म्हणाली, “तुझी बहीण मुकाट्याने करतेय ना? मग तुझ्या का पोटात दुखतंय?”

गाडी मागच्या शेडमध्ये, जाड कापडाखाली. किल्ली सासूच्या उशीखाली. “माझा मुलगा उठेल तेव्हा त्याला सगळं जागच्या जागी सापडलं पाहिजे,” असा तिचा हुकूम. ऐकायला किती विश्वासाचं वाटतं नाही? मास्तरांचे कपडे मात्र तिने महिन्याच्या आत वाटून टाकले होते. म्हणजे त्या दिवशी मास्तर गाडीत बसतील, पण उघडेच.

वर्ष गेलं. धाकटीला गाडी चालवता येत होतीच, मास्तरांनीच शिकवली होती. तिने परीक्षा दिली, शिकवायचा परवाना काढला आणि सासूकडे किल्ली मागितली. महिनाभर घरात तोंडं फिरली. शेवटी म्हातारीने किल्ली दिली, पण अट घातली. मास्तरांची सीट हलवायची नाही. त्याने ठेवली तिथेच राहील. आणि नुसतं सांगून थांबणारी ती नव्हे. रोज संध्याकाळी काठी टेकत शेडमध्ये जायची, काठीचं एक टोक गाडीच्या पुढच्या फळीला लावायची आणि दुसरं सीटच्या काठाला. काठी बरोबर बसली की झालं समाधान.

धाकटी माझ्यापेक्षा बुटकी आणि मी काही ताडाचं झाड नव्हे. मास्तरांच्या सीटवर बसून तिचा पाय ब्रेकपर्यंत जातो कुठे? मग तिने पाठीमागे घरातली मोठी उशी कोंबली आणि सीटच्या काठावर बसून शिकवू लागली. बुटाचं टोक जेमतेम ब्रेकला लागायचं.

मी म्हटलं, “अगं, दिवसा सीट पुढे घे, संध्याकाळी मागे ढकल. म्हातारीला कळणार आहे का?”

“चोरून कशाला, ताई? मी काय पाप करतेय?”

“मग पाप न करता मर.”

पण शिकवायची मात्र छान. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, बहीण म्हणून मी तिच्या चुकाच सांगते. चौकात गाडी बंद पडली, मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाला की शिकाऊ माणसाला धरणी पोटात घेईल तर बरं असं होतं. ही शांतपणे म्हणायची, “बंदच पडलीय ना? मेली तर नाही. आणि मेली असली तरी किल्ली फिरवून बघायला काय जातंय?” परीक्षेत नापास होऊन रडत येणाऱ्या बायकांनाही तेच. नवऱ्याने टाकलेली एक सुईण तिच्याकडे शिकायला आली होती. ती मला म्हणाली, “बाईंच्या गाडीत बसलं की वाटतं, आपलं सगळं संपलेलं नाही.” मी तिला तिची साडी दिली. एवढ्यासाठी लोक चर्चमध्ये जातात, तिथे मिळत नाही, आणि हिच्याकडे क्लच सोडता सोडता मिळतं.

मग तो पेन्शनर आला. साठी उलटलेला, सभ्य, इतका सभ्य की खांबाला गाडी घासली तर खांबाची माफी मागेल. एके सकाळी माझ्याच दुकानापुढच्या उतारावर समोरून मांजर आलं. त्याने ब्रेक समजून दुसरंच दाबलं. धाकटीने पाय ताणला तशी उशी सटकली, धाकटी सीटच्या खोबणीत मागे गेली आणि तिचा पाय हवेत. कसाबसा ब्रेक लागला तोवर गाडी माझ्या पायरीवर. दारात कपडे अडकवायचा लोखंडी स्टँड आडवा झाला आणि पाळकांचा नुकताच इस्त्री केलेला पांढरा झगा गाडीच्या काचेवर दोन्ही हात पसरून पडला. पेन्शनर खाली उतरून त्या झग्याची माफी मागत होता.

कुणाला खरचटलंही नाही. मांजरालाही नाही. पाळक रस्ता ओलांडून धावत आले. मला वाटलं, धाकटीची विचारपूस करतील. ते म्हणाले, “फाटला का?”

मंडळीतल्याच कुणीतरी वर कळवलं. कोण ते मला माहीत आहे, त्याच्या पँटीही माझ्याकडेच येतात. चारेक दिवसांत परवाना देणाऱ्या कचेरीतून निरीक्षक आला. माणूस सरळ होता. त्याने धाकटीला सीटवर बसवलं, उशी काढायला लावली, पाय पाहिला.

“बाई, असं कसं चालेल? पूर्ण तळवा ब्रेकवर आला पाहिजे. सीटचा खटका अडकलाय का?”

“नाही, खटका चांगला आहे.”

“मग अडचण काय?”

“सासूबाई,” मी मागून म्हटलं.

तो हसला नाही. सोमवारी गाडी कचेरीत आणा, म्हणाला. उशीशिवाय पाय पोचला तर ठीक, नाहीतर परवाना रद्द. त्या परवान्यावर दोघींचं घर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर घराचं मला तितकं वाटलं नाही. मला धाकटीचं वाटलं. त्या गाडीतून उतरवलं तर तिला जायला एकच जागा उरत होती, आणि तिथे नाव आधीच कोरलेलं होतं.

सासू ऐकेना. “सीट हलली त्या दिवशी किल्ली माझ्या हातात. शाळा बंद झाली तर झाली.” सुंभ जळला तरी पीळ जात नाही. धाकटी पाळकांकडे गेली, मीही गेले, स्वच्छ केलेला झगा घेऊन. पाळकांनी डोळे मिटले. ते डोळे मिटतात तेव्हा काहीतरी गुळमुळीत येणार हे मला पाठ आहे.

“विश्वास एका बाजूला, आईच्या भावना एका बाजूला. घाई नको. देव मार्ग काढतो.”

“सोमवारच्या आत काढेल का?” मी विचारलं.

“ताई, चल,” धाकटी म्हणाली.

तो रविवार नेमका पुनरुत्थानाचा होता. त्या दिवशी आमच्याकडे मंडळीतल्या सगळ्या निद्रिस्तांची, म्हणजे गेलेल्यांची, नावं वाचतात, आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून म्हणतात, “तो पुन्हा जिवंत होईल.” बाई असेल तर “ती पुन्हा जिवंत होईल.” चांगली गोष्ट आहे. पण नावं शेकड्यांनी झाली आहेत, त्यामुळे अर्ध्यावर आलं की लोक घड्याळ बघत, जांभया देत म्हणतात. त्या वर्षी कार्यवाह नवा होता. निवृत्त हेडमास्तर, कामाचा मोठा उरक. जुन्या नावांत चुका असतील म्हणून हा गृहस्थ स्वतः कबरस्तानात फिरला आणि दगडांवरून एकूण एक नाव उतरवून आणलं. चष्मा लावून, खणखणीत आवाजात वाचू लागला.

मास्तरांचं नाव आलं. सगळे म्हणाले, “तो पुन्हा जिवंत होईल.” धाकटीही म्हणाली.

पुढचं नाव धाकटीचं.

आणि सगळ्या मंडळीने, एकही न चुकता, म्हटलं, “ती पुन्हा जिवंत होईल.” सगळ्यात मोठा आवाज सासूचा. धाकटी तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. दोघींच्या मांडीवर मिळून एकच गाण्याचं पुस्तक होतं.

कार्यवाह पुढचं नाव वाचणार तोच धाकटी उभी राहिली. “मी इथे आहे,” ती म्हणाली. आवाज चढवून नाही, गाडी शिकवताना असतो तसा. “मी जिवंत आहे.”

आता मला सांगा. वर्षानुवर्षं ज्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की मेलेली माणसं उठणार आहेत, त्यांच्यासमोर त्यांनीच पुरलेली एक बाई उभी राहिली होती. टाळ्या वाजल्या? कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं? मागच्या बाकावरून आमचे पंच, म्हणजे तेच थोरले काका, नव्वदीचे झालेत, ते ओरडले, “बस खाली! उपासना चाललीय!”

“पण दगडावर नाव आहे,” कार्यवाह म्हणाला. “मी स्वतः पाहून लिहिलंय.” आपल्या कागदाकडे बोट दाखवत होता, समोर उभ्या असलेल्या बाईकडे बघायला तयार नाही.

“तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हटलंत, मी पुन्हा जिवंत होईन,” धाकटी म्हणाली. “मी आहे. आता माझं काय करायचं?”

पाळकांनी डोळे मिटले. मी गाणाऱ्यांच्या ओळीकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, इतके पांढरेशुभ्र कपडे आणि आत एक माणूस नाही! मला त्या सगळ्यांची इतकी चीड आली की मी हातातलं पुस्तक बाकावर आपटलं. पाळक म्हणाले, “पुढचं नाव.” कार्यवाहाने पुढचं नाव वाचलं, आणि लोक पुन्हा म्हणू लागले.

फक्त सासू म्हणत नव्हती. तिचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं आणि ती शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती. धाकटी बाहेर गेली होती.

त्या रविवारी दगड पुसायला कुणी गेलं नाही. मी सासूला हाताला धरून घरी आणलं, भांडायच्या तयारीने. धाकटी शेडमध्ये होती. गाडीचं दार उघडं, उशी बाहेर काढून ठेवलेली. सीट मात्र तिथेच.

“सगळ्यांसमोर शोभा केलीस माझी,” सासू म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

“आई, नाव माझं वाचलं.”

सासू काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

“उद्या कचेरीत जायचंय,” धाकटी म्हणाली. “सीट पुढे घेणार आहे. तुमच्यासमोर घ्यायची म्हणून थांबले.”

“आणि तो उठला म्हणजे? कुठे बसेल तो?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. असं लागट उत्तर की म्हातारी आठवडाभर जेवली नसती. पण धाकटी आधी बोलली.

“तो उठला की सीट मागे घेईल, आई. त्याला येतं.”

ती हे चेष्टेने म्हणाली नाही. परगावी गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाली. मला एकदम कळलं की आमच्या अख्ख्या मंडळीत मास्तर खरंच परत येणार आहेत असं मानणारी ही एकटीच आहे, आणि म्हणूनच तिला त्यांची सीट हलवायची भीती वाटत नाही. भीती सासूला होती. तिला तो कधीच येणार नाही असं वाटत होतं. मी इतकी वर्षं तिच्या हट्टाला हसत होते, आणि तो हट्ट नव्हताच.

सासूने काठी सीटकडे करून विचारलं, “परत जाते का ती तिथेच? होती तिथे?”

धाकटीने खटका ओढून सीट पुढे घेतली. मग मागे ढकलली. सासूने काठी लावून बघितली. बरोबर बसली.

“पुन्हा दाखव.”

धाकटीने पुन्हा दाखवली. मग म्हातारीने काठी माझ्या हातात दिली आणि गाडीच्या दाराला धरून, धापा टाकत, त्या सीटवर बसली. मुलाच्या सीटवर ती कधीच बसली नव्हती. तिने पाय पुढे केला. तो ब्रेकच्या कितीतरी अलीकडेच लोंबकळत राहिला. तिने बुटाचं टोक ताणलं, तरी पोचेना.

“केवढे लांब पाय होते गं त्याचे,” ती म्हणाली, आणि रडायला लागली. मास्तर गेले तेव्हा ती ओरडली होती, भिंतीवर डोकं आपटलं होतं, पण असं रडताना मी तिला पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना. धाकटी तिच्या पायाशी, जमिनीवर गुडघे टेकून, तो लोंबकळता पाय हातात धरून बसली.

मग सासूने डोळे पुसले. “घे पुढे,” ती म्हणाली.

“तुम्ही उतरा आधी.”

“नको. बसलेय अशीच घे.”

धाकटीने खटका ओढून धरला. मी मागच्या बाजूने सीटला खांदा लावला. म्हातारीसकट सीट कुरकुरत सरकत गेली, आणि तिचा तळवा ब्रेकवर टेकला.

“पोचला,” सासू म्हणाली, आणि पाय काढेचना.